बाहेरचा मेकॅनिक नको

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितेय, तेव्हा आधी मनातल्या मनात मला एक धपाटा घालून घे. दुकानात गिऱ्हाईक नाही. काचा घासायचं मशीन बंद आहे, मालक जेवायला गेलेत, आणि मी काउंटरखाली कागद धरून लिहितेय. चष्म्याच्या दुकानात बसून चोरून लिहिते आणि तेही चष्मा न लावता, म्हणून अक्षराला हसू नकोस.

थंडी यंदा लवकर आली. मागच्या सोमवारपासून घरात ऊब राहावी म्हणून बॉयलर सुरू केलाय. खरं सांगायचं तर हे पत्र बॉयलरबद्दलच आहे, म्हणजे बाबांबद्दल.

दरवर्षीप्रमाणे त्यांनी बॉयलरची सफाई केली. तुझ्या डोळ्यांपुढे येईलच, स्वयंपाकघराचा तो कोपरा, निळा डगला, फडक्यावर ओळीने मांडलेली हत्यारं. पूर्वी तासाभरात हात धुऊन मोकळे व्हायचे. यंदा सकाळी नऊला बसले ते दोनला उठले. मध्ये दोनदा मला विचारलं, "मी आत्ता काय खोललं होतं गं?" मग भिंतीवरच्या सफाईच्या नोंदीच्या कार्डावर सही केली, एकतिसावी, आणि तारीख घातली मे महिन्यातली. फडकं उचललं तर खाली एक स्क्रू. "बाबा, हा उरला," म्हटलं, तर म्हणाले, "असतो एखादा जास्तीचा." ताई, आपल्या लहानपणी पानाभर गणितात एक आकडा चुकला तर सगळं पान पुन्हा करायला लावणारा हा माणूस.

तेवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. परवा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून खाली गेले. मला तुझ्या नावाने हाक मारतात. सकाळी डोकं धरून पलंगाच्या काठावर बसून राहतात, आणि काय होतंय विचारलं तर माझ्याकडे असं बघतात की मी कुणी वाट चुकून घरात शिरलेली बाई आहे. मला भीती वाटते गं. त्यांची नाही, त्यांच्यासाठी.

मला वाटतं एकदा बाहेरचा मेकॅनिक बोलवावा. नुसता विषय काढला तर त्यांनी ताट बाजूला सारलं. "मी मेल्यावर बोलव," म्हणाले. तू थोरली आहेस, तू सांग. नवरा जहाजावर, एप्रिलच्या आत काही येत नाही. घरात सल्ला द्यायला उरली बबडी. तिचं मत असं आहे की बॉयलर काढून त्या जागी ससा ठेवावा.

तुझी,
धाकटी

२० ऑक्टोबर

धाकटे,

बाहेरचा मेकॅनिक नको. आधी हे वाच, मग बाकीचं.

त्या गावात तू कुठलाही मेकॅनिक बोलाव, तो बाबांच्या हाताखाली शिकलेला निघणार. त्याने बाबांच्या बॉयलरचं झाकण उघडायचं आणि बाबांनी स्टुलावर बसून बघत राहायचं? आई गेली तेव्हा हा माणूस तिसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी उचलून कामावर गेला, कारण कुणाच्या तरी घरात थंडीत लहान मूल होतं. ती पेटी आता कुणी मागत नाही. आपल्या घरचा तो एक बॉयलर तेवढा उरलाय त्यांच्याकडे. तोही काढून घेतलास तर ते दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतील, मी लिहून देते.

वय झालंय, विसरणारच. मी पंचावन्नची आहे आणि काल अर्धा तास डोक्यावरचा चष्मा शोधला. बाबांना गणितातल्या आकड्याची आठवण देऊ नकोस, त्यांच्यासमोर रडू नकोस आणि तारीख चुकली तर गुपचूप खोडून नीट कर.

डोकं दुखतंय ते वाऱ्याने. त्या घरात फटी कमी आहेत का? बॉयलरच्या वरच्या भिंतीत ती जाळी आहे ना, तिथून वारा कसा सुरीसारखा यायचा ते मला अजून आठवतं. बाबा ती कधी बुजवू द्यायचे नाहीत, "घराला श्वास लागतो" म्हणायचे. पण आता त्यांच्याच भल्याचं आहे. मी शिवायला जाते त्या पडद्यांच्या दुकानात जाड कापडाचे तुकडे पडून असतात, त्यांच्या मी लांब लांब गाद्या शिवल्यात, आत घट्ट कापूस. पार्सल आजच टाकलं. खिडक्यांना लाव, दाराखाली लाव, आणि चौकोनी आहे ती जाळीच्या मापाची. माप माझ्या डोक्यात होतं, बसली नाही तर नाव बदलेन.

परवा तू फोन केलास असं शेजारीण म्हणाली. नको करत जाऊस. तीस वर्षं गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात काढली, आता फोन कानाला लावला की मला फक्त खरखर ऐकू येते आणि मग दिवसभर वाईट वाटत राहतं. पत्रच लिही.

ताई

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

गाद्या आल्या. चौकोनी गादी जाळीत अशी बसली की सुतारानेही तोंडात बोट घातलं असतं. घर उबदार झालंय. पण दुसरं काहीच बरं झालेलं नाही.

बाबांनी ती गादी दोनदा उपसून काढली. मी दोनदा परत बसवली. मग त्यांनी खिडक्या उघडायला सुरुवात केली, बाहेर बर्फ पडत असताना, सगळ्या, एकामागून एक. बबडी दप्तर भरत होती, तिच्या वह्या ओल्या झाल्या. मी बंद करत गेले, ते माझ्यामागून उघडत आले. शेवटी मी नवऱ्याची हत्यारांची पेटी काढली आणि सगळ्या खिडक्यांच्या मुठी काढून टाकल्या. त्या आता माझ्या कपाटात मोज्यांच्या खाली आहेत. मुठी काढताना बाबा मागे उभे होते. मग नुसते काचेला हात लावून उभे राहिले.

तेव्हापासून नवीन खूळ. म्हणतात, ज्योत पिवळी झालीय. "निळी होती, तू बदललीस." मला हात धरून बॉयलरपाशी नेतात आणि त्या छोट्या काचेतून बघायला लावतात. मी काय बघणार? जळतंय एवढं दिसतं. "हो बाबा, पिवळी आहे," म्हणते. तर म्हणतात, "हो म्हणू नकोस, बंद कर." बंद कशी करू या थंडीत? एकदा त्यांनी स्वतःच बंद केली आणि पाच मिनिटांनी स्वतःच सुरू केली, आणि मी केली म्हणून माझ्यावर ओरडले.

माझंही डोकं ठणकत असतं. सकाळी मळमळतं. डॉक्टर म्हणाले, घर आणि दुकान आणि म्हातारा माणूस, थकवा येणारच, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. बबडी रविवारी दोनदा ओकली, सोमवारी शाळेतून उड्या मारत आली. मी तिला विचारलं, शाळेत बरं वाटतं आणि घरी नाही, म्हणजे नाटक आहे का तुझं? तर तिने मान डोलावली. तिला वाटलं मी रागावेन, म्हणून कबूल केलं असणार.

ताई, चिडू नकोस. मी वृद्धाश्रमात बोलून आले. आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे आहे, स्वच्छ आहे, तिथली व्यवस्थापक बाई शांत आहे. महिनाभर ठेवून बघायचं. परवा बाबांनी बबडीचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तिला दाराबाहेर ओढत होते. का, ते त्यांना सांगता आलं नाही.

धाकटी

१५ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तिसऱ्या दिवशी हरले. मी इथे बसून शहाणपण शिकवते आणि तिथे तू एकटी निस्तरतेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. दंडावरच्या वळानंतर मला बोलायला तोंड नाही. पाठव त्यांना. पण निळा डगला बरोबर दे, आणि खोली तशीच ठेव असं त्यांना सांग, म्हणजे घर सुटलं असं वाटणार नाही.

आणि तुझी ती सकाळची मळमळ. नवरा ऑगस्टमध्ये येऊन गेला ना? हिशोब मला बोटांवर येतो. डॉक्टरांना लोह दिसलं, मला वेगळंच दिसतंय. मी इकडे बारीक टाके घालायला घेतलेत, पिवळा कपडा आहे, मुलगा मुलगी काही झालं तरी चालेल. नसेल तसं काही तर बबडीच्या बाहुलीला होईल. हसलीस ना? हस जरा.

ताई

४ डिसेंबर

प्रिय ताई,

बाहुलीचं नशीब उघडलं. तसं काही नाही.

बाबांना २४ तारखेला सोडलं. रडले नाहीत. पिशवी स्वतः उचलली. आणि आता जे लिहितेय ते वाचून मला सांग की मी वाईट मुलगी आहे का. आठवड्यात बाबा बरे झाले. बरे म्हणजे अगदी पूर्वीसारखे. तिथल्या एका निवृत्त शिक्षकाला बुद्धिबळात चार वेळा हरवलं. मला माझ्या नावाने हाक मारली. बबडीच्या शाळेतल्या बाईंचं नाव त्यांना आठवलं, मला आठवत नव्हतं. डोकं दुखत नाही. व्यवस्थापक बाई म्हणाली, "वातावरण बदललं की होतं असं." मी घरी येईपर्यंत रडत होते. म्हणजे वातावरण मी होते. माझ्या घरात माझा बाप वेडा होत होता आणि तीन गल्ल्या पलीकडे शहाणा झाला.

फक्त बॉयलरचं खूळ गेलेलं नाही. दर भेटीला तेच. "बंद केलास का? कुणाला दाखवलास का?" मी हो म्हणते. बाहेरचा मेकॅनिक बोलव, असं आता तेच म्हणतात, ऐकतेस ना, तेच. मी म्हटलं, बघू. त्यांच्या फाइलमध्ये मीच लिहून दिलंय की त्यांना बॉयलरचे भास होतात, त्यामुळे तिथे कुणी फारसं मनावर घेत नाही. बाहेरही एकट्याला सोडत नाहीत. त्यांनी विचारलं, "माझ्या खोलीत कोण झोपतं?" तुझं ऐकून मी सांगितलं, कुणी नाही, खोली बंद आहे. त्यावर जरा निवांत दिसले.

खोटं बोलले. खोली मी बबडीला दिलीय, ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. किती वर्षं माझ्या पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपत होती पोर. आता स्वतःची खोली, स्वतःचं टेबल, भिंतीवर सशांची चित्रं. ती खोली घरात सगळ्यात उबदार, धुराचा पाइप तिच्यातूनच जातो ना छताखालून. आणि झोपते तरी किती गाढ. सकाळी तीन तीन हाका मारल्या तरी उठत नाही, गालावर थापट्या मारून उठवावं लागतं. उठली की डोकं दुखतं म्हणून कुरकुरते. इतकी झोप म्हणजे वाढीचं वय असणार.

तू सांग, बाबांना परत आणू का? मला धीर होत नाही.

धाकटी

४ डिसेंबर

चि. थोरलीस,

हे पत्र वृद्धाश्रमातून लिहीत आहे. आज माझं डोकं स्वच्छ असल्याचा नववा दिवस. आधी खात्री करून घेतली. तेराचा पाढा उलटा म्हटला, तुझा जन्म कुठल्या वारी झाला ते आठवलं, गुरुवार. तेव्हा पुढचं लक्ष देऊन वाच.

डगल्याच्या आतल्या खिशात मला पोलादी पट्टा सापडला. धुराच्या पाइपाचे दोन तुकडे जिथे जोडतात तिथे तो आवळायचा असतो. तो जोड माझ्या खोलीत आहे, पलंगाच्या वर. पट्टा माझ्या खिशात आहे, म्हणजे जोडावर नाही.

ज्योत पिवळी होती. मला भास नव्हता. निळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळतो. पिवळी म्हणजे अर्धवट जळतो आणि विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. माणसाला कळत नाही, कारण ज्या डोक्याने कळायचं तेच आधी जातं. चाळीस वर्षं हे मी पोरांना शिकवलं. माझ्यावर आलं तेव्हा खिडक्या उघडायच्या एवढं हातांना आठवलं, का ते मला सांगता आलं नाही.

बर्नर मी साफ केला असं मला वाटतं, पण ते पाच तास मला आठवत नाहीत. जाळीत गादी बसवलेली आहे, तेवढं मात्र आठवतं.

धाकटीला सांगून थकलो. ती "हो बाबा" म्हणते. तिचं चुकत नाही, मीच तिच्यावर तशी वेळ आणली. इथे फोन मागितला तर फाइल दाखवतात. लहानपणापासून ती तुझं ऐकते. तिला सांग: बॉयलर बंद, जाळी मोकळी, दारं खिडक्या उघड्या, आणि शिडीला बोलव. शिडी म्हणजे माझ्या हाताखालची शेवटची, ती उंच मुलगी, तिचा हात चांगला आहे. माझी खोली बंद आहे म्हणून मी अजून धीर धरून आहे. तिथे कुणी झोपत असतं तर मी भिंत चढून गेलो असतो.

मी वेडा नाही, हे तूच तिला सांग.

बाबा

८ डिसेंबर, टपाल कचेरी

धाकटे,

हे मी टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहितेय, मनीऑर्डरच्या फॉर्मच्या मागे. तुला लिहितेय की कुणाला, मला माहीत नाही. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितेय.

आज सकाळी दोन पत्रं एकदम आली. आधी तुझं फोडलं. मग बाबांचं. बाबांचं संपलं आणि मी परत तुझं उघडलं, "दुसऱ्याच दिवशी" हे शब्द शोधले, आणि रात्री मोजल्या. तेरा.

माझ्या वतीने फोनवर बोलणारी शेजारीण घरात नव्हती. मी फोन उचलला आणि फिरवला. कानात खरखर आली, नेहमीची. ती घंटा होती की कुणी उचलला होता की लाइनच लागली नव्हती, मला कळायला काही मार्ग नव्हता. मी बोटांवर आकडे मोजत थांबले, वीसपर्यंत, आणि मग बोलायला लागले. ओरडलेच. बॉयलर बंद कर. खिडक्या उघड. बबडीला घेऊन बाहेर जा, काही घेऊ नकोस, जिन्यात जा, रस्त्यावर जा. परत पहिल्यापासून. मध्ये खरखर जरा बदलल्यासारखी वाटली. कुणी बोलत असेल तर मला ऐकू येत नाही, मी म्हटलं, बोलू नकोस, बाहेर जा. असं मी रिकाम्या घरात भिंतीशी किती वेळ बोलत होते कोण जाणे.

मग चपला न घालता इथे आले. इथल्या कारकुनाने काही विचारलं नाही, माझं तोंड बघून फोन ओढला. तुझा नंबर फिरवला. बराच वेळ ऐकत राहिला आणि कागदावर लिहून मला दाखवलं: वाजतोय, कुणी उचलत नाही. मी लिहिलं, आज मंगळवार, ती दुकानात असेल, पोर शाळेत असेल. आणि लिहिता लिहिता मला वाटलं, पण तेरा रात्रींनंतर ती पोर आज सकाळी उठली का?

आता तो तुमच्या गावच्या अग्निशमन दलाशी बोलतोय. मी पत्ता लिहून दिला, मजला लिहून दिला, पाइप कुठून जातो ते चित्र काढून दिलं. तो बोलतोय, थांबतोय, परत बोलतोय. मला फक्त त्याचे ओठ दिसतात.

गादी मी शिवली. माप माझ्या डोक्यात होतं. बाबा म्हणायचे घराला श्वास लागतो आणि मी त्या नाकात कापूस घातला. मेकॅनिक नको असंही मीच लिहिलं, पहिल्याच ओळीत.

कारकून उभा राहिलाय. मला हात करतोय. मी उठत नाहीये. जोवर लिहितेय तोवर काही झालेलं नाही. तो आता काउंटर उचलून बाहेर येतोय

१३ डिसेंबर

ताई,

कारकुनाने तुला सांगितलंच असेल, तरी माझ्या हाताने लिहिते. बबडी आहे. आज तपासणीला दवाखान्यात आणलीय, समोर खाटेवर बसून डॉक्टरांच्या टोपीला नावं ठेवतेय.

त्या दिवशी सकाळी ती ओकली म्हणून मी तिला शाळेत पाठवलं नाही. बाबांच्या खोलीत झोपवलं, दार लावून घेतलं, ऊब राहावी म्हणून. शेजारच्या काकू मधूनमधून डोकावणार होत्या. मी दुकानात गेले आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासले.

अग्निशमनवाले पोचले तेव्हा ती जिन्यात होती. तिसऱ्या पायरीवर, मोजे घालून, कठड्याला डोकं टेकून. त्यांनी विचारलं तर म्हणाली, मावशीने सांगितलंय बाहेर बस. तिला उचलून खाली नेली, तोंडावर ऑक्सिजन लावला. दोन दिवस मुखवटा होता. तिच्या खोलीतली हवा त्यांनी यंत्राने मोजली, आणि तो माणूस माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, बाई, संध्याकाळपर्यंत ती तिथेच असती तर ती बातमी घेऊन तुमच्या दारावर येणं मला जमलं नसतं.

फोन तिने उचलला होता. बऱ्याच वेळाने उचलला असणार, कारण ती म्हणते आधी पलंगावरून उठताच येत नव्हतं, भिंत धरून आली. मला तिने सगळं सांगितलं आणि मी तुझ्यापासून लपवणार नाही. तिने तुला विचारलं, मावशी, खिडक्या कशा उघडू, मुठी आईने काढल्यात. तू म्हणालीस खिडक्या उघड. तिने परत विचारलं. तू परत म्हणालीस. "मावशी ऐकतच नव्हती," असं रुसून सांगते. मग तू म्हणालीस बोलू नकोस, बाहेर जा. म्हणून गेली. दुसऱ्यांदा फोन वाजला तो तिला जिन्यात ऐकू आला, पण तू परत जायला सांगितलं नव्हतंस म्हणून ती गेली नाही. तू बहिरी नसतीस तर तिच्याशी बोलत बसली असतीस, ताई. मी तर नक्कीच बसले असते.

शिडीने बॉयलर बघितला. दोन वर्षांची काजळी निघाली, फक्त या वर्षीची नाही. म्हणजे मागच्या वर्षीही बाबांचा हात चुकला होता. आधी कोण बिघडलं, बॉयलर की बाबा, हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्याने त्यांना बिघडवलं आणि त्यांनी त्याला, आणि आपण दोघी दोघांचा मान राखत बसलो. तिने गॅस तोडून वर लाल कागद चिकटवलाय. नवीन येईपर्यंत आम्ही शेजारच्या काकूंकडे राहतोय. तिने वायू ओळखणारं यंत्रही आणलंय, मुठीएवढं, ते म्हणे किंचाळतं. मी तिला विचारलं, तुमच्या घरी आहे का? तर ती हत्यारं आवरायला लागली.

आता रोज सकाळी मी बबडीला हाक मारते आणि तिचं "काय गं" येईपर्यंत माझा जीव जागेवर नसतो. डॉक्टर म्हणतात, ती ठीक आहे, तुम्ही ठीक व्हायला वेळ लागेल.

बाबांना सांगितलंय की वायू होता, वेळेत सापडला, तुमचं बरोबर होतं. माझे दोन्ही हात धरून बसून राहिले. खोलीचं सांगितलेलं नाही.

धाकटी

१८ डिसेंबर

धाकटे,

सांगू नकोस. कधीच नको. बबडीलाही समजाव. पट्टा स्वतःच्या खिशात सापडला एवढं त्यांना पुरे आहे. ती तेरा रात्री त्यांच्या पलंगावर, त्या जोडाखाली होती हे कळलं तर ते जगणार नाहीत.

मला झोप लागत नाही. डोळे मिटले की ती खरखर येते, आणि मला वाटतं तीत बबडी बोलत होती.

ताई

२ जानेवारी

चि. थोरलीस,

धाकटी मला सांगणार नव्हती, तू तिला सांगू दिलं नसतंस. बबडीने सांगितलं. काल भेटायला आली, मांडीवर बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या पलंगाला मध्ये खड्डा आहे, मी त्यात मावते." मी विचारलं कधी झोपलीस, तर बोटांवर मोजून तेरा म्हणाली. धाकटी दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मी हसलो आणि म्हटलं, हो, तो खड्डा माझाच आहे. बबडी गेल्यावर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.

मी मेलो नाही, हे तुला कळवतो. तुम्ही दोघी मला काचेचा समजता. तसा समजलात म्हणून हे इथवर आलं, आणि मी स्वतःला पोलादाचा समजलो म्हणूनही. माफी मागणार नाही, ती पुरणार नाही.

रात्रभर एकच विचार होता. आमच्या धंद्यात एक रीत आहे, तुला ठाऊक नसेल. मेकॅनिकच्या घरचा बॉयलर दुसरा मेकॅनिक बघत नाही. तो अपमान समजतात. मी स्वतः पोरांना शिकवलंय, दुसऱ्याच्या घरी रोज जा, पण आपल्या घरी परक्याचा हात लागू देऊ नका. शिडीने ते ऐकून घरात यंत्र लावलं नव्हतं. माझ्या हाताखालून चौदा जण शिकून गेले. सहा अजून या गावात राहतात. शिडी सोडली तर सगळे साठीच्या पुढचे.

व्यवस्थापक बाईने फाइलमधला तो कागद माझ्यासमोर फाडला आणि मला बाहेर सोडलं. आज सकाळी शिडीला घेऊन निघालो. पहिल्या घरी सगळं ठीक होतं, फक्त शिव्या खाल्ल्या. दुसरं घर माझ्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याचं. त्याच्या बायकोने दार उघडलं. डोक्याला रुमाल बांधलेला, फिकट, ओढलेला चेहरा. आतल्या भिंतीवर माझ्यासारखंच कार्ड, माझ्यासारख्याच सह्या. तो हळूहळू चालत पुढे आला आणि दारातच उभा राहिला. माझ्याकडे बघत राहिला, जणू मी कोण ते त्याला शोधून काढावं लागत होतं.

म्हणाला, "मास्तर, तुमचं डोकं फिरलंय असं ऐकलं होतं."

मी म्हटलं, "बरोबर ऐकलंस. आता बाजूला हो, मला खिडक्या उघडू दे."

बाबा